पेटीतली कोळंबी

रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून दोरांनी ओढायचं लांबलचक जाळं, किनाऱ्याला लागली, तिच्यातून मासळीचे ढीग पडले आणि सुगंधा टोपली घेऊन रांगेत उभी राहिली. जगूतात्या रापणीचे तांडेल, म्हणजे प्रमुख. दोर ओढणाऱ्या घरांना वाटे घालायचं काम त्यांचं. त्यांनी सुगंधाची टोपली ओलांडून पुढच्या टोपलीत मासळी टाकली.

"तात्या, माझी राहिली."

"तुझ्या घरात विकायचं कोळंबीचं बी वाढतंय गो, बारीक पिल्लं. वेगळा धंदा केला की रापणीचा वाटा बंद. नियम माझ्या आज्याचा, माझा नव्हे." तात्यांचा आवाज घोगरा होता. पावसाळा सरल्यापासून ते हाका न मारता शिट्टीच फुंकत.

"तात्यांचा घसा बांगड्यांनी पळवला," मागून कोणी तरी म्हणालं. "आणि हिचा दिगंबर शेट झाला, तो कशाला दोर ओढतोय!"

सगळे हसले. सुगंधाही हसली आणि रिकामी टोपली कमरेला लावून घरी आली.

माजघरात पेटी गुणगुणत होती. तिला पेशीपेटी म्हणत. तिच्या नवऱ्याच्या, दिगंबरच्या, रक्तातल्या लढवय्या पेशी तिच्यात ठेवलेल्या. उबेत त्या वाढत, त्याच्या पोटातला कॅन्सर ओळखायला शिकत, आणि दर आठवड्याला नर्स येऊन त्या त्याच्या अंगात परत सोडी. सरकारी दवाखान्याने पेटी फुकट दिली होती. सासूच्या वेळी असलं काही नव्हतं. तेव्हा सारं घर शहरात दवाखान्याच्या दारात जाऊन पडलं, होडी विकली गेली, आणि 'त्या घरात तो रोग आहे' म्हणून नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं. या वेळी नंतर घेतलेली होडी वाचली. पण पेटी साधी होती. ती वाजली की आतलं तबक हाताने फिरवावं लागे. सुगंधाचे हात घरात अडकले आणि नणंदेचं मोडलेलं लग्न आठवून तोंडही बंद झालं. पेटीत काय आहे, असं शेजारणीने विचारलं तेव्हा ती बोलून गेली, "कोळंबीचं बी."

त्या दुपारी ती विहिरीवर होती. दिगंबरला औषधाने गाढ झोप लागली होती. तेवढ्यात पेटी वाजायला लागली. ती धावत आली तर आत जगूतात्या. एका हातात बादली, दुसरा पेटीच्या झाकणावर.

"रस्त्यावरून ऐकलं. बी गुदमरतंय गो! ताजं खारं पाणी आणलंय, ओततो."

"तात्या, नको! आत कोळंबी नाही, माझा घो आहे!"

बादली हातात तशीच राहिली. तात्यांनी पेटीकडे पाहिलं, मग झोपलेल्या दिगंबरकडे.

"एवढ्याशा पेटीत?"

तिने तबक फिरवलं. पेटी गप्प झाली. मग तिने सगळं सांगून टाकलं.

"अगो, आजारी गड्याचा वाटा घरपोच येतो. हाही माझ्या आज्याचाच नियम."

"वाट्याबरोबर लोकांच्या नजराही येतात, तात्या."

बादली तशीच घेऊन तात्या निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वाटा आला. तो घेऊन आलेल्या बायका उंबऱ्याबाहेरच थांबल्या. एकीने धीर करून विचारलं, "पेटीला हात लावला तर रोग लागत नाही ना?"

"लागेल ते तबक फिरवायचं काम," दिगंबर आतून म्हणाला.

बायका हसल्या आणि हसता हसता आत आल्या. मग मासळी साफ करायला त्या सुगंधाच्याच पडवीत बसू लागल्या. पेटी वाजली की जिचे हात धुतलेले ती उठे. सुगंधा पुन्हा रापणीला गेली. दोराची ओळखीची आग तळव्यांना लागली आणि तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. दिगंबरही दोन घास जास्त खाऊ लागला. नर्स म्हणाली, गाठ लहान होते आहे.

एका संध्याकाळी बायका गेल्यावर जगूतात्या आले आणि पेटीजवळ बसले. शिट्टी गळ्यातच होती. बराच वेळ ते पेटीची गुणगुण ऐकत राहिले.

"सुगंधा," ते म्हणाले, इतक्या बारीक आवाजात की तिला वाकावं लागलं. त्यांचा हात हनुवटीखाली, गळ्यावरच्या गाठीवर जाऊन तिथेच थांबला.

"ही पेटी रिकामी कधी व्हायची गो?"