सतरा नंबरची हजेरी

परीक्षेला चार दिवस उरले होते. तास संपले होते, आणि कॉलेजच्या लांबलचक व्हरांड्यात झाडूचा तेवढा आवाज येत होता. दुपारी सव्वाचारला धांद्री हॉलतिकीट घ्यायला ऑफिसच्या खिडकीशी गेली.

कारकून काकांनी यादीवरून बोट फिरवलं. “तुझं तिकीट नाही. हजेरी शून्य.”

“शून्य? काका, मी एक तास बुडवलेला नाही!”

“कॅन्टीनची हजेरी आम्ही धरत नाही, बाळ.” त्यांनी मस्टर तिच्याकडे फिरवलं. “अठरा नंबर तूच ना? बघ, ओळीनं गैरहजर. आणि तुझ्या वरची ही सतरा बघ, एक दिवस चुकली नाही. हे घेऊन जा, पाचच्या आत यावर तुमच्या वर्गाच्या सरांची सही आण, नाहीतर वर्ष गेलं समज.”

वर्ष गेलं की शिक्षण बंद, असं वडिलांनी आधीच बजावलं होतं. पण धांद्रीची नजर खिळली ती सतरा आकड्यावर.

सतरा नंबर म्हणजे मावशी. सुई-दोऱ्यापासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत सगळं तिच्या पिशवीत असायचं, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. ‘धांद्री’ हे नाव तिनेच दिलेलं. सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात मावशी तापाने घरी गेली. जाताना म्हणाली, “धांद्रे, मी येईपर्यंत माझी हजेरी चुकवू नकोस हं.” सर मान खाली घालून नुसते नंबर पुकारायचे. धांद्री आवाज जाड करून सतराला ‘हजर’ म्हणायची, आणि मग स्वतःच्या आवाजात अठराला.

पुढच्या महिन्यात मावशी गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सरांनी “सतरा” म्हटलं आणि वर्ग असा गप्प झाला, की धांद्रीला ते सोसवेना. तोंडातून ‘हजर’ निघून गेलं. कोणी हसलं नाही, कोणी हटकलंही नाही. मग ते मोडणं तिला रोजच अवघड होत गेलं.

मस्टर घेऊन ती धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. सर रिकाम्या वर्गात कागद आवरत होते. तिने सगळं कबूल केलं. सरांनी चष्मा पुसला, रागावले मात्र नाहीत.

“जा, तुझ्या बाकावर बस. आता हजेरी घेतो. आज खरं तेच बोलायचं, मग सही करतो.”

ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मावशी बसायची तो अर्धा बाक उबदार होता... नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा. खिडकीतून ऊन येतंय, असं तिने मनाला समजावलं.

“सतरा?”

धांद्रीने ओठ घट्ट मिटले. माफ कर मावशी, ती मनात म्हणाली. पंखा कुरकुरत फिरत होता. बाकी कसलाही आवाज आला नाही.

सरांनी मान हलवली आणि बरोबरची खूण केली.

“सर... कोणीच काही बोललं नाही...”

“अठरा?”

“हजर.”

“अठरा?”

“हजर, सर! मी इथेच आहे...!”

सरांनी मान वर केली. हजेरी घेताना, सबंध सत्रात पहिल्यांदाच. त्यांची नजर बाकावर आली आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर थांबली.

“मैत्रीण आजही आली नाही का तुझी?” त्यांनी मायेने विचारलं. क्षणभर ऐकत राहिले. “हं... वाटलंच मला.”

पेन कागदावर करकरलं. धांद्री उठायला गेली, पण पाय जागचे हलेनात. ओरडली, तर तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

सरांनी मस्टर काखेत घातलं, पंखा बंद केला. दाराशी जाऊन ते बाजूला सरकले आणि कोणाला तरी पुढे जाऊ द्यावं तसं दार धरून उभे राहिले.

“चल बाळ, आधी तू.”

मग त्यांनी बाहेरून कडी घातली. जिन्यावरून उतरणारी पावलं दोघांची होती.