धरा… सोडा!

त्याची गाडी माझ्या गॅरेजच्या दारात थांबली तेव्हा चाकांतून धूर निघत होता आणि आतून एक बाई ओरडत होत्या, "मी आता बसने घरी जाणार!"

गाडी म्हणजे डिझेलवर चालणारं फिरतं घर, अगदी पडदे, ओटा, फ्रिजसकट. ओरडणारी त्याची आत्या. आणि तो… चेहरा पांढराफटक, तरी मला बघून हसला. घाबरलेल्या माणसाने इतकं छान हसू नये, असं माझं मत आहे.

"अर्धा घाट उतरलोय," तो म्हणाला. "एक्झॉस्ट ब्रेक नुसता नावाला आहे. पुढचा उतार याहून उभा म्हणे?"

"खूपच उभा. म्हणजे इथवर पायाचा ब्रेक दाबत आलात?"

"मग काय, देवाचा धावा करत येऊ?"

"तो मी केला," आत्या आतून म्हणाल्या.

एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धुराच्या नळीतली एक झडप. ती मिटली की धूर अडतो, इंजिन जड होतं आणि उतारावर गाडीला आवरून धरतं. ती मिटली नाही, तर सगळा भार चाकांवर.

चाकं निवल्यावर मी गाडीखाली सरकले. "इंजिन चालू ठेवा. मी 'धरा' म्हटलं की पायाजवळचं बटण दाबून धरायचं. 'सोडा' म्हटलं की—"

पुढचं इंजिनाच्या आवाजात बुडालं.

"धरा!" झडपेची दांडी निम्म्यावरच अडली. दांडी ढकलणारी हवेची नळी तपासली, गळत नव्हती. "सोडा!… अहो, सोडा!"

दांडी मागे गेली आणि पाठोपाठ माझ्या नाकासमोर एक थंडगार बाटली आली.

"सोडा," तो वाकून म्हणाला. "लिंबू मात्र संपलंय…"

मी इतकी हसले की डोकं वर आपटलं. "लागलं?" तो बघत राहिला… जरा जास्तच वेळ. मीही काही घाईने नजर वळवली नाही.

इंजिन थंड झाल्यावर झडप काढली. काजळीचा थरच्या थर! खरवडून, घासून परत बसवली. या वेळी "धरा" म्हणताच दांडी पूर्ण गेली आणि इंजिन खोल घुमलं.

"खाली जाऊन, बघून येतो," तो म्हणाला. "तोवर आत्या तारण."

गाडी वळणाआड गेली आणि मी दारातच फेऱ्या मारू लागले. दांडीचा नट मीच आवळला होता… आवळला होता ना?

"तू कशाला गं फेऱ्या मारतेस?" आत्या म्हणाल्या. "भाचा माझा आहे."

मी आत्यांना त्याला फोन लावायला सांगितलं. फोन लागत नव्हता. आणि मग चढावरून तो ओळखीचा घरघराट आला! तो खाली उतरायच्या आत मी चाकाला हात लावला. जेमतेम कोमट. इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले.

"ब्रेकवर पाय जेमतेम दोनदा ठेवला," तो म्हणाला, आणि माझा ग्रीसने माखलेला हात त्याने धरला. "मला वाटलं, तुम्ही 'धरा' म्हणालात."

"मी काहीच म्हणाले नाही."

"मग… सोडू?"

इंजिन बंद होतं. ऐकण्यात चूक व्हायला आता जागाच नव्हती.

"सोडा," मी म्हणाले. "दोन बाटल्या. आत्यांना तिसरी."

तो हसत फ्रिजकडे निघाला… माझा हात न सोडता.