पहिल्या खान्यातली ताई

पटलं तर पटलं, पण हे माझ्यासमोर घडलंय. रमजानात, स्फॅक्स शहरातल्या आमच्या लॅबमध्ये, रोजा सुटायच्या थोडं आधी.

दलीला माझी थोरली बहीण. तिचं शरीर तिच्यावरच उलटलं होतं. ल्युपस. पहिला रिपोर्ट 'काही नाही' असा आला होता. खरं कळेपर्यंत किडन्या गेल्या होत्या.

जाण्याआधी तिने मला रक्त काढून घ्यायला लावलं.

"ठेव तुझ्या लॅबमध्ये. माझ्या नाही, तर दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येऊ दे."

आमच्या तपासणीत काचपट्टीवर आखलेल्या खान्यांपैकी पहिल्यात असंच रक्त लागतं, ज्यात आजार नक्की आहे. ते अंधारात हिरवं चमकलं, तरच बाकीच्या खान्यांवर भरवसा ठेवायचा.

पहिल्या खान्यात ताई असायची. रोज चमकायची. मी मनात म्हणायचे, आलीस का गं.

त्या दिवशी शेवटच्या खान्यात तिची मुलगी होती. इनास. तिची बोटं सुजायला लागली होती.

डार्करूममध्ये मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

इनासचा खाना... काळा. आजार नाही. आनंदाने मला रडूच फुटलं.

मग पहिला खाना पाहिला.

तोही काळाकुट्ट.

मधले दोन पेशंट मात्र लख्ख चमकत होते.

बाहेर येऊन मी माझ्या सहकाऱ्याला, मुनीरला सांगितलं. लॅबमध्ये आम्ही दोघंच उरलो होतो.

"थेंब टाकायला विसरली असशील," तो म्हणाला. "भाचीचा रिपोर्ट चांगला आलाय ना? मग कर सही आणि चल. घरी शोरबा गार होतोय."

मी विसरले नव्हते. तरीही पेन उचललं...

आणि वास आला. नारंगीच्या फुलांच्या पाण्याचा. ताई ते कॉफीत घालायची. रोज्याच्या वेळी लॅबमध्ये कॉफी कोण करणार?

मग रिकाम्या डार्करूममधून टकटक... काचेवर अंगठी वाजावी तशी. रागावली की ताई पेल्यावर अशीच वाजवायची.

"आत कोण आहे?" मुनीरने हळूच विचारलं.

मी पेन खाली ठेवलं. तो पुन्हा हातमोजे घालू लागला.

आम्ही सगळं नव्याने लावलं. बाटलीत ताईचा एकच थेंब उरला होता. तोच टाकला.

अजान झाली. मुनीरने हातात दिलेला खजूर तसाच राहिला.

पुन्हा डोळा लावला. पहिल्या खान्यात ताई चमकत होती.

शेवटच्या खान्यात इनासही... अगदी आईसारखी.

वेळेवर कळलं म्हणून पोरीच्या किडन्या वाचल्या. गोळ्या घेते, माझ्याशी भांडते. तिला यातलं काही सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

पहिल्या खान्यात आता दुसऱ्याच कुणाचं रक्त असतं. तेही चमकतं. तरी मी अंधारात क्षणभर थांबते, तो वास येतोय का बघते.

येत नाही. ताईजवळ तेवढा एकच थेंब उरला होता.