एक स्थळ कमी

मांडवीच्या आप्पांच्या वधूवर मंडळाने जुळवलेली लग्नं अशी पक्की, की नवरा-बायको भांडले तरी एकमेकांचीच बाजू घेतात. मी पाहिलंय; तुम्ही विश्वास ठेवा, न ठेवा.

त्या मंडळाच्या दारात एक दिवस लांज्याचा ऋत्विक येऊन उभा राहिला. आप्पांची मुलगी अक्षया टेबलाशी होती. तिने मान वर न करताच उंची विचारली, मग शिक्षण, मग मासे चालतात का. त्याने सगळी उत्तरं नीट दिली. बांगडा विशेष आवडतो, हेही सांगितलं. तिने फोटो मागितला तेव्हा म्हणाला, "फोटो नाही आणला... मी कॉम्प्युटरच्या कामाला आलोय."

अक्षयाचे कान असे लाल झाले, की एक होडी तो धक्क्यावरचा दिवा समजून भलतीकडेच वळली.

काम सोपं होतं. चिपळूणला नवी शाखा निघत होती. इथली स्थळं तिथल्या मशीनवर भरायची होती. ऋत्विकने हुकूम टाइप करायची काळी खिडकी पडद्यावर उघडली, माउस बाजूला सारला. एका ओळीचा हुकूम दिला, की स्थळांचं अख्खं कलेक्शन एक्स्पोर्ट होऊन फाइलीत उतरतं; दुसऱ्या ओळीने ती फाइल तिकडे इम्पोर्ट होते. किती नोंदी गेल्या, ते मशीनच सांगतं. हे सगळं तो अक्षयाला शिकवत बसला. दोन ओळींच्या कामाला आठवडा लागला, आणि तक्रार कोणाचीच नव्हती.

मग आप्पा म्हणाले, अक्षयाचंही नाव तिकडे जाऊ दे. चिपळूणची दोन घरं विचारतायत, नाव पोचलं की रविवारी बघायला येतील. त्या दुपारी ऋत्विकने डब्यातला बांगडा तसाच ठेवला.

शेवटच्या दिवशी त्याने दोन्ही हुकूम दिले. अक्षयाने आकडा पाहिला. चिपळूणला एक स्थळ कमी पोचलं होतं. तिने वरच्या बाणाची कळ दाबत मागचे हुकूम परत आणले. एक्स्पोर्टच्या ओळीला एक अट लावलेली होती – हे नाव सोडून बाकी सगळे. नाव तिचंच होतं.

"चूक झाली काय?" तिने विचारलं.

"नाही. चूक... नाही."

"मग आप्पांना काय सांगू?"

"सांगा, की... तुम्हाला पाठवणं मला जमलं नाही."

अक्षयाने अट काढून तीच ओळ पुन्हा लिहिली आणि बोट एंटरवर नुसतं टेकवलं.

"आमच्याकडे नाव असं परस्पर काढत नाहीत. लग्न ठरलं, की मुलगा पेढे घेऊन येतो, मग आप्पा काढतात. मी हे संध्याकाळपर्यंत दाबत नाही. पेढ्यांचं दुकान माहितीये ना... तुला?"

ऋत्विक असा सुटला, की परतताना वाटेत जाणारा ऋत्विक त्याला भेटला म्हणतात.

आप्पांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा पुसला आणि त्याला आधी उंची विचारली.

"विचारलीय मी," अक्षया म्हणाली, आणि तिने ती ओळ पुसून टाकली.