चमचाभर साखर

साताऱ्याच्या स्मृतिविज्ञान संस्थेतल्या विस्मरण-कक्षाला पाटी नव्हती. ती लावायची राहून गेली होती, आणि कक्षाच्या प्रमुख डॉ. फरीदा काझी यांच्या मते ते शोभूनच दिसत होतं.

डॉ. हेरंब चांदोरकर त्याच संस्थेत वरच्या मजल्यावर काचेवर संशोधन करत. त्या दिवशी ते घरचा स्मृतिकरंडा नॅपकिनमध्ये गुंडाळून खाली घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि दार नीट लागलंय ना ते बघून आले.

"पुसून हवाय," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ. व्याह्यांकडे जायचाय."

"व्याह्यांकडे? मग दोनदा पुसू."

स्मृतिकरंडा एव्हाना घरोघरी आला होता. मुठीएवढी डबी, आत मधासारखा दाट जेल. घरात जे घडे ते तो ऐकून-बघून ठेवी आणि विचारलं की सांगे: चष्मा कुठे राहिला, प्लंबर शेवटचा कधी आला, लग्नात कुणी काय आहेर केला. वर्षागणिक तो लोणच्यासारखा मुरे. नवा करंडा उलट प्रश्न विचारून जीव नकोसा करी, मुरलेला अर्ध्या शब्दावर उत्तर देई. म्हणूनच मुलीच्या, ऋताच्या, पहिल्या दिवाळसणाला काय देऊ असं विचारल्यावर जावई अद्वय नुसताच लाजला आणि त्याची आई, मेधाताई गुळवणी, मिरजेहून म्हणाल्या, "नवीन काही नको. तुमचा मुरलेला करंडा द्या." नाही म्हणण्यासारखी ती वेळ नव्हती.

"आत आहे तरी काय?" फरीदाबाईंनी विचारलं.

"साखरपुड्याची संध्याकाळ. मिरजेहून परत आल्यावर आम्ही तिघं जरा बोललो."

"जरा?"

"विहीणबाईंच्या आमटीचा तळ दिसत होता, असं मी म्हणालो. व्याही पेटी वाजवतात. त्याबद्दल माझी बायको मृण्मयी बोलली. मग ऋतानं मेधाताईंची नक्कल केली. पदर नसताना पदर खोचला, पळी घेतली आणि म्हणाली, 'गोड मानून घ्या हं.' हुबेहूब. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो." हेरंबांनी नॅपकिनची घडी घातली. "आमचं काही नाही हो. आम्ही साताऱ्यात राहतो. ऋता तिथं राहते."

फरीदाबाईंनी करंडा उजेडात धरला.

"त्याचं असं आहे," हेरंबांनी सुरुवात केली, "ही अनुषंगी स्मृती असल्यामुळे..."

"मला माहीत आहे. मी इथे नोकरी करते."

समजावून सांगायची वेळ आली की हेरंबांचं प्रत्येक वाक्य 'त्याचं असं आहे'पासूनच सुरू होई.

"आजोबांच्या काळात हार्ड डिस्क असायची," फरीदाबाई म्हणाल्या. "तिच्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा. त्या जागेवर शून्यं लिहिली की काम झालं. इथे कशालाच जागा नाही. तुमची ती संध्याकाळ पाण्यात साखर विरघळावी तशी सगळ्या जेलमध्ये पसरली आहे. एका गोष्टीवरून दुसरी आठवते, दुसरीवरून तिसरी. मी करते काय, तर बाहेरून आत जाणारे धागे कापते."

"म्हणजे आतलं आतच राहतं? मग पुसलं काय?"

"तिसरीतल्या बाईंचं नाव सांगा."

हेरंबांनी आठवून बघितलं. "गेलं."

"गेलं नाही. त्या बाईंच्या छत्रीचा वास कुठे आला, तर नाव येईल. छत्री भेटली नाही, तर जन्मभर येणार नाही. याला आपण विसरणं म्हणतो आणि आपला संसार त्यावर चालतो."

"जेल वितळवून टाकला तर?"

"मग सगळंच जाईल. व्याह्यांना गोळा द्या."

त्यांनी धागे कापले. दोनदा. मग करंड्याला विचारलं, "चांदोरकरांचा चष्मा कुठे आहे?"

"चांदोरकर कोण?" करंड्यानं अदबीनं विचारलं.

"झालं. आता एकच पथ्य," फरीदाबाई म्हणाल्या. "परक्या घरातलं काहीही ओता, हरकत नाही. पण तुमच्या घरातला ओळखीचा आवाज, ओळखीचे शब्द पुन्हा आत जाता कामा नयेत. चिमूटभरसुद्धा पुरेल. तो तुकडा आपले सोयरे शोधत जातो आणि धागे जुळतात."

हेरंबांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं की सगळं साफ गेलं. पथ्याचं बोलले नाहीत. अपवाद सांगत बसायला शास्त्रज्ञाला आवडतं, नवऱ्याला नाही.

दिवाळसण छान झाला. गुळवणी मंडळी आली, जेवली, करंडा चांदीच्या तबकातून घेऊन ऋतासकट मिरजेला गेली. त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर मृण्मयी समाधानानं म्हणाली, "रिकामा नाही दिला हं."

"काय?"

"अरे, शेजारणीचा डबासुद्धा आपण रिकामा परत करत नाही. चमचाभर साखर तरी घालतो. हा तर लेकीच्या घरी गेला. दोन शब्द बोलून ठेवले त्यात."

"कुठले शब्द?"

"कुठले असणार? 'गोड मानून घ्या हं.'"

हेरंब फोनकडे गेले. फरीदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आवाज आईचा, शब्द नकलेतले," त्या म्हणाल्या. "याहून चांगला धागा मला प्रयोगशाळेत वळता आला नसता."

"आता काय करायचं?"

"आता त्यांनी चालू करायचा अवकाश."

त्यानंतर ऋताचे फोन आखूड झाले. सगळं ठीक आहे, जेवण झालं, नंतर बोलते. मृण्मयीनं आग्रहानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही नाही गं, आई," आणि फोन ठेवला. हेरंबांचं जेवण कमी झालं. आमटी तर त्यांनी सोडूनच दिली.

मार्गशीर्षात एके दुपारी फरीदाबाई जिना चढून वर आल्या आणि त्यांनी करंडा हेरंबांच्या टेबलावर ठेवला.

"तुमच्या विहीणबाई येऊन गेल्या. हा पुसून घेतला आणि तुम्हाला परत द्यायला सांगितलं."

हेरंबांनी हातातली काच बाजूला ठेवली. "काही बोलल्या?"

"नाही. मी नेहमीचं पथ्य सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. चिमूटभर म्हणजे किती, तेही विचारलं. मग मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबता का."

संध्याकाळी नवरा-बायकोनं करंडा जेवणाच्या टेबलावर ठेवून चालू केला.

"मृण्मयीताई," मेधाताईंचा आवाज आला, "रिकामा कसा पाठवू? गोड मानून घ्या हं."

जेल गढुळला, पुन्हा निवळला. मग शेजारच्या घरातून यावा तसा स्वतःचाच आवाज हेरंबांना ऐकू आला. तळ दिसत होता. मग मृण्मयी, पेटीबद्दल. मग ऋताची नक्कल आणि तिघांचं हसणं. गुळवण्यांच्या घरात करंड्यानं हे सगळं ऐकवलं होतं आणि आता तो ते ऐकणाऱ्यांसकट सांगत होता. हसणं संपलं. त्या घरात कुणीतरी भांडं खाली ठेवलं.

हेरंबांनी करंडा बंद करायला हात पुढे केला. मृण्मयीनं मनगट धरलं.

"आई, मी..." ऋताचा आवाज बारीक झाला होता.

"लग्न झाल्यापासून सांगतोय," श्रीरंगराव गुळवणी म्हणाले. "तळ दिसतो. माझं ऐकलं कुणी?"

"पेटीबद्दल काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?" मेधाताई म्हणाल्या. "की पुन्हा लावू?"

कुणीतरी फिसकन हसलं. बहुधा अद्वय. तो हसतो हे चांदोरकरांना नवीन होतं.

"ऋता, नक्कल बरी जमलीय. पळी मात्र मी डाव्या हातात धरते. आता तुझ्या बाबांची कर."

"नको हो, आई."

"कर. फिट्टंफाट होऊ दे. आणि फोनवर त्यांना काही सांगू नकोस. करंडा सांगेल."

खुर्ची सरकली. घसा खाकरला गेला.

"त्याचं असं आहे, श्रीरंगराव," ऋता जड आवाजात म्हणाली, "जिलबी ही मुळात एक काच आहे, फक्त तिला ते माहीत नाही."

चौघं हसली. त्यांत ऋताचं हसणं वेगळं ओळखू येत होतं. याच टेबलावर ती हसली होती, तसंच.

मृण्मयीनं डोळे पुसले. "रमली," ती म्हणाली.

"मी असं बोलतो?"

तिनं करंड्याकडे बोट दाखवलं.

"त्याचं असं आहे," हेरंब म्हणाले, आणि तेवढ्या तुकड्यावर करंड्यानं ऋताच्या आवाजात त्यांचं वाक्य पूर्ण केलं.