वस्तऱ्यानं कापलेली कादंबरी

सलूनच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या एका गालावर साबणाचा फेस होता आणि हातात आमच्या वाचनालयाचं पुस्तक. पुस्तक कसलं, पुस्तकाचा तुकडा! वर आमचा शिक्का, कडेला दोऱ्याची शिवण. रस्त्यावरूनच दिसलं आणि मी तरातरा सलूनमध्ये शिरले.

"हे कुणी केलं?"

"मी," सलूनवाला म्हणाला. "सगळे एकाच पुस्तकावर भांडायला लागले. म्हणून भाग पाडले. वस्तऱ्यानं... पण अगदी हळूच हो!"

"हळूच? अहो, पुस्तक आहे ते, दाढी नाही!"

बाकावरचे सगळे फिदीफिदी हसले. तोही हसला. त्याच्या गालाला खळी पडते, हे मला तेवढ्या रागातही दिसलं. छे!

"बाई, जरा गप बसा ना," आजोबा वैतागले. बोट ओळीवर तसंच. "गोष्टीतली ती पोरगी विहिरीत उतरलीय इथं! म्हातारपणी वर्गात जाऊन अक्षरं शिकलो. सही आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण पुढं वाचायला कुणी काही दिलंच नाही. विसरत चाललो होतो. या पोरामुळे परत वाचायला लागलो."

मी गारच पडले. आमच्याकडे घरोघरी पदवीधर, आणि वाचनालयात मी एकटी माशा मारत बसते. ते आता बंद होणार होतं, माझी बदली होणार होती. आणि इथं दाढी झाली तरी कुणी उठायला तयार नाही!

"शेवटचा भाग कुठंय?" मी कसंबसं विचारलं.

त्यानं खणातून, कंगव्यांच्या खालून काढला. "हा कुणालाच दिला नाही. तुमच्याकडे ठेवा. उद्या उघडं असेल ना?"

"असेल. पण येतंय कोण?"

"बघू की."

सकाळी वाचनालयाच्या दारात ही गर्दी! आजोबा, भाजीवाली मावशी, दूधवाला... "बाई, शेवट आणा!" बंदची नोटीस चिकटवायला आलेले अध्यक्ष डिंकाची बाटली धरून नुसते बघतच राहिले. मीही.

सलूनवाला मागं उभा होता. "ती विहिरीतून वाचते का हो?" मी हळूच विचारलं.

"मी वाचलाच नाही शेवट."

"काय? तुमच्याच खणात होता ना!"

"तुमच्याबरोबर वाचायचा होता." तो कानापर्यंत लाल झाला. "हे पुस्तक तुम्हीच दिलं होतं मला... मान वर न करता. आवडता तुम्ही मला. जाऊ नका ना."

बाप रे! मी शेवटचा भाग घेऊन टेबलाशी बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. ती विहिरीतून वर आली, तेव्हा मावशी ढसाढसा रडल्या.

अध्यक्षांनी घसा खाकरला. नोटीस खिशात गेली. "यातला पहिला भाग... कुणाकडे आहे?"

संध्याकाळी त्यांच्याच डिंकानं आम्ही दोघं कादंबरी जोडत बसलो. त्याचं बोट माझ्या बोटाला चिकटलं.

"सोडवू?" तो म्हणाला.

"राहू दे..."