सतरा पौंडांची फ्रेम

"आत जाताय तर जावा," दारातली म्हातारी म्हणाली, "पन भाईर येताना नाव घिऊन या. कुनामुळं माझा धर्मा ग्येला, त्येचं नाव."

रंगराव निघोजकरांनी मान लववली आणि ते आत शिरले. मागून मालोजी शिरला, म्हणजे शिरण्याचा यत्न केला. अर्धं आयुष्य तालमीत आणि उरलेलं पंगतीत घालवलेला हा गडी कुठल्याही दारातून आडवा होऊनच जातो. तो आत पोचला आणि बाहेरून कडी पडली.

"राव, कडी बाहेरून लावली की हो!"

"ऐकू आलं."

"मग जेवणाचं काय?"

रंगराव शेड न्याहाळू लागले. वीस वर्षं त्यांनी रेल्वेत तुटक्या-फुटक्या मालाची चौकशी केली होती. खोकं आपटलं कुणी आणि काच आधीच तडकलेली होती का, एवढंच बघण्यात उमर गेली. आता ते खासगी तपास करत. मालोजी त्यांचा जुना स्नेही. डोकं त्यांचं, खांदे ह्याचे, असा कारभार होता.

एकोणीसशे सत्तावन्नचा ऑक्टोबर. चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला मोटारसायकलींच्या कारखान्याची ही पत्र्याची शेड. दार एकच, खिडक्यांना गज. दुपारचे तीन वाजलेले, वरून पत्रा भाजत होता आणि माठ केव्हाच रिकामा झाला होता. बाहेर चाकणकडची चाळीस-पन्नास माणसं दाराला पाठ लावून बसली होती. ती ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती, आणि त्यानंच आतल्यांचं काळीज जास्त हलत होतं. पाच वाजता फौजदार येणार होते.

आत चौघे होते. चिठ्ठी पाठवून रंगरावांना बोलावणारे मालक अर्जुनराव; फ्रेम जोडणारा कारागीर ज्योतीराम; रंगारी गेनू; आणि काल गाडीवर होता तो सयाजी, हात झोळीत बांधलेला.

"थोडक्यात सांगा," रंगराव म्हणाले.

"काल चाकणच्या वाटेवर मोटारसायकलींची कसोटी होती," अर्जुनराव म्हणाले. "तिच्यात वेगाला किंमत नसते. खडकांतून, ओढ्यातून पाय न टेकता गाडी न्यायची. तिथं जड गाडी म्हणजे गळ्यात धोंड. म्हणून मी पातळ पोलादी नळ्यांची फ्रेम करवली. सतरा पौंडांची! विलायती फ्रेम हिच्या दीडपट भरते. काल उतारावर हँडलच्या मानेखाली ती तुटली, गाडी घसरली आणि कडेला उभ्या धर्माजीच्या अंगावर गेली. जागच्या जागी गेला बिचारा."

"एवढी हलकी फ्रेम टिकते का, हे तुम्ही आधी पाहिलं नव्हतं?"

"पाहिलं नाही? आधी चाचणीची एक फ्रेम केली. तिच्यावर वाळूची पोती काथ्यानं करकचून बांधली आणि ती फूटभर उंचीवरून दगडावर आदळली, तीन हजार वेळा. तुटली नाही. मग ज्योतीरामला सांगितलं, ही आता स्वतःच्या हातानं कापून टाक, आणि शर्यतीसाठी तशीच नवी कर."

"आँ?" मालोजीला राहवेना. "चांगली धडधाकट फ्रेम कापायची?"

"ती संपलेली असते, पैलवान."

मालोजीला ते पटलं नाही, पण उकाड्यात वाद कोण घालणार?

"नवी कधी झाली?" रंगरावांनी विचारलं.

"नळ्याच मी दसरा झाल्यावर मुंबईहून आणल्या. कोजागरीला फ्रेम तयार. सणाला इथं नव्हतो ते बरंच झालं. हे लोक लोखंडाला हळदकुंकू फासत बसतात आणि मला पुसत बसावं लागतं."

"आणि आता?"

"आता नवी कोरी फ्रेम तुटली म्हणजे जोड कच्चा. फौजदार ज्योतीरामचं नाव लिहिणार, दुसरं काय?"

ज्योतीराम ऐरणीपाशी उकिडवा बसला होता. साताऱ्याकडून पोटासाठी आलेला, घरी दोन लहान पोरी. कालपासून त्यानं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

"जोड माझा, गुन्हा माझा," तो म्हणाला. "न्या मला."

"चाचणीची फ्रेम कापलीस?"

"कापली."

"स्वतः?"

ज्योतीरामनं क्षणभर जमिनीकडं पाहिलं. "व्हय."

कोपऱ्यात भंगारात नळ्यांचे तुकडे पडले होते. रंगराव खाली बसले आणि एकेक तुकडा उजेडात फिरवू लागले. नळ्या चकचकीत होत्या, कुठे ओरखडा नव्हता. काप मात्र तिरके, आणि प्रत्येकापाशी करवत दोन-तीनदा घसरल्याच्या खुणा.

मग त्यांनी तुटलेली फ्रेम पाहिली. मानेखालचा पितळेचा जोड जसाच्या तसा होता. नळी तुटली होती ती जोडाच्या बोटभर पुढे. तिथं वरचा हिरवा रंग आणि खालचं तांबडं अस्तर, दोन्हींच्या खपल्या उडाल्या होत्या. उघड्या पोलादावर दोन बोटांचा पिवळा डाग होता.

रंगरावांनी डागावर ओला अंगठा घासून हुंगला आणि ते गेनूकडं वळले. "रंग तूच दिलास ना?"

"हिरवा मी दिला," गेनू म्हणाला. "अस्तर आधीच कुनीतरी मारलेलं व्हतं. मला वाटलं ज्योतीरामनं मारलं आसंल. मी मारलं आस्तं तर आधी रॉकेल, मग पॉलिशपेपर, मग अस्तर. देवाचं कुकूबी मी पुसतो, हात जोडून. त्येलकटावर रंग धरत न्हाई, सायेब."

"मी न्हाई मारलं," ज्योतीराम पुटपुटला. "मला वाटलं, ह्यानं मारलं."

शेवटी सयाजी. देखणा, तिशीचा, नजर सारखी दाराकडं.

"निघताना गाडी कशी होती, सयाजी?"

"एकदम झकास, साहेब. तेच तर समजत नाही! खंडेनवमीला माझ्या रुक्मिणीनं स्वतः तिला ओवाळलं होतं, नारळ वाढवला होता. पूजेची गाडी अशी दगा देईल का?"

"खरंय," मालोजी हळहळला. "नशीबच फुटकं."

बाहेर कुणीतरी दारावर काठी आपटली, एकदाच. सयाजी दचकला. घड्याळात साडेचार झाले होते.

रंगरावांनी बाकावरची तार उचलून मालोजीच्या हातात दिली. "वाकव. सरळ कर. पुन्हा वाकव."

मालोजी वाकवू लागला. नवव्यांदा तार तुटली.

"आठ वेळा तुटली नाही, म्हणून ती पक्की होती का रे?"

"नाही... आठ वेळांत तिचा जीव गेला असणार."

"शाब्बास. तीन हजार वेळा आदळून फ्रेमचं तेच झालं. बाहेरून धडधाकट, आतून थकलेली. म्हणूनच अर्जुनरावांनी ती कापायला सांगितली. पण ती कापलीच गेली नाही."

"म्हणजे?" अर्जुनराव उठून उभे राहिले.

"भंगारातले तुकडे पाहा. काथ्यानं करकचून बांधलेली पोती तीन हजार वेळा आदळली, तर नळ्यांवर घासल्याच्या खुणा नकोत? ह्या तर कोऱ्या आहेत. कापली गेली ती नवी फ्रेम. काल उतारावर तुटली ती चाचणीची."

"कशावरून?"

"ह्या पिवळ्या डागावरून. ही हळद आहे, आणि अस्तराच्या खाली आहे, म्हणजे रंगाआधीची. हळदकुंकू लागलं खंडेनवमीला, आणि नव्या फ्रेमच्या नळ्या आल्या दसऱ्यानंतर. खंडेनवमीला ह्या शेडमध्ये एकच फ्रेम होती."

 गेनूनं नकळत फ्रेमला हात जोडले.

"आता अस्तर कुणी मारलं? हळद न पुसता मारलं, इथंच माणूस सापडतो. गेनू रॉकेलनं पुसल्याशिवाय रंगाला हात लावत नाही. अर्जुनरावांना लोखंडावरचं कुंकू खपतच नाही, ते आधी पुसतील. ज्योतीरामला फ्रेम बदलायची असती, तर त्यानं नळ्या सरळ कापल्या असत्या. असले वेडेवाकडे काप कारागिराच्या हातून पडत नाहीत. उरला तो, ज्याच्या बायकोच्या बोटांचं ते हळदकुंकू होतं. तिच्या हातचं कुंकू पुसायला त्याचा हात कसा धजावेल? पण ते झाकायला तर हवं. म्हणून त्यानं त्यावरच तांबडं अस्तर फिरवलं. आणि सयाजी, शर्यतीची गाडी खंडेनवमीला ओवाळली होती, हे तूच आत्ता बोलून गेलास. नव्या फ्रेमची पूजा झालीच नव्हती."

सयाजी मटकन खाली बसला.

"पूजा न झालेली गाडी घेऊन कसा जाऊ, साहेब?" तो म्हणाला. "नवी झाल्यापासून मी हाच विचार करत होतो. एक फ्रेम तीन हजार वेळा आपटून तुटली नाही, वर तिला रुक्मिणीचं कुंकू. दुसरी काल जन्मली, तिची परीक्षा कुणी घेतली? तुम्हीच सांगा, जीव कुठल्या फ्रेमवर टाकायचा? मला खरंच वाटलं, जी टिकली तीच पक्की!"

"अन् ज्योतीरामला अटक होणार, हे दिसत असूनही गप्प बसलास?" मालोजी गरजला. इतका वेळ जेवणाचा विचार करणारा हा माणूस आता मुठी वळून उभा होता.

"भ्यालो. बाहेरची माणसं पाहिली आणि भ्यालो."

रंगराव ज्योतीरामकडं वळले. "तू का खोटं बोललास?"

ज्योतीराम रडत होता. "साहेबांनी सांगितलं होतं, स्वतः काप. करवत लावली, पर हात चालंना; नवी झाली तरी जुनी तशीच पडून. आपणच जोडलेलं आपण कसं कापायचं? सयाजी म्हणाला, तू जा, मी कापतो. मला सुटल्यासारखं झालं, आन् साहेबांना सांगितलं, कापली." त्यानं डोळे पुसले. "म्हंजे साहेब, माझा जोड..."

"धरून होता. तीन हजार वेळा धरून होता आणि काल नळी तुटली तरी सुटला नाही. बघ, पितळ अजून तसंच आहे."

ज्योतीराम सरपटत फ्रेमपाशी गेला. त्यानं जोडावर बोट ठेवलं आणि तो पोरासारखा हुंदके देऊ लागला. अर्जुनराव जवळ गेले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर फौजदारांची गाडी थांबल्याचा आवाज आला. कडी निघाली, दार उघडलं. उजेडानं सगळ्यांचे डोळे दिपले. दारात पुढं फौजदार, मागं ती म्हातारी. ठकुबाई तिचं नाव, धर्माजीची आई.

रंगराव तोंड उघडणार, तोच सयाजी उठला. झोळीतला हात सावरत तो स्वतःच पुढं झाला. 

"मी, आई," तो म्हणाला. "चूक माझी. जोडणाऱ्याची नव्हे."

माणसं पुढं सरकली. मालोजी झटक्यात मधे उभा राहिला. पण म्हातारीनं नुसता हात वर केला आणि सगळे जागीच थबकले. तिनं सयाजीला नखशिखांत न्याहाळलं.

"शर्यत बघाया न्हवता ग्येला माजा धर्मा," ती म्हणाली. "त्येला त्यातलं काय बी कळत न्हवतं. ऊन लई हाय, पोरं तान्हेली आसतील, म्हनून कळशी घिऊन उबा व्हता. तुमास्नी पानी द्यायला."

सयाजीचं डोकं खाली गेलं.

"तू प्यालास का रं त्येच्या हातचं पानी?"

 फौजदारांनी वही उघडली होती, पण ते लिहायचे थांबले. म्हातारी तशीच उभी राहिली, उत्तर ऐकायला.

"प्यालो, आई," तो शेवटी म्हणाला. "वर चढताना प्यालो."

तिनं मान डोलावली आणि ती दारातून बाजूला झाली.